झोरो, थोर्रा आणि स्पेनच्या सरकारी टीव्हीवरची एक्केचाळीस वर्षं

माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकते. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन. "आत्या, एका शब्दाचं मराठी सांग ना. वर्गात एका गाण्याचा सारांश मराठीत लिहून आणायला सांगितलाय आणि मी शीर्षकातच अडकलेय."

म्हटलं, सांग.

"थोर्रा."

मला स्पॅनिश येत नाही. ती म्हणाली, शब्दशः अर्थ कोल्ह्याची मादी. मी म्हटलं, मग लिही की कोल्हीण. ती हसायला लागली. "अगं, शिवी आहे ती. आणि गाण्यात ती बाई स्वतःलाच म्हणते!"

त्या फोननंतर मी दोन रात्री वाचत बसले. हाती लागलं ते इथे मांडते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्द. 'झोरो' तुम्हाला माहीत आहे. काळा मुखवटा, काळा घोडा, तलवारीने भिंतीवर झेड काढणारा. झोरो म्हणजे स्पॅनिशमध्ये कोल्हा. पुरुषाला झोरो म्हटलं की तो चतुर, हिकमती, कुणाच्या हाती न लागणारा. त्याच शब्दाचं स्त्रीलिंग केलं की थोर्रा, आणि अर्थ होतो वेश्या, चवचाल बाई. जनावर एकच. नराच्या वाट्याला हुशारी आली, मादीच्या वाट्याला शिवी. आणि हा काही गल्लीतला अर्थ नव्हे, स्पॅनिश भाषेच्या अधिकृत शब्दकोशातही तो नोंदलेला आहे.

आता गाणं. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर आलिकांते प्रांतात बेनिडॉर्म नावाचं पर्यटकांचं शहर आहे. उंच इमारती, पुढ्यात वाळू. तिथे स्पेनची सरकारी दूरदर्शन संस्था २०२२ पासून दरवर्षी गाण्यांची स्पर्धा घेते. २०२५ पर्यंत जो जिंकायचा तो युरोव्हिजनला, म्हणजे सगळ्या युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेला, देशाच्या नावाने जायचा. ३ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री तिथे 'नेबुलोसा' नावाची जोडी जिंकली. मेरी बास आणि मार्क दासोसा हे नवरा-बायको, त्याच आलिकांते प्रांतातले. गाण्याचं नाव 'थोर्रा'. संगीत इलेक्ट्रोपॉप, म्हणजे सिंथेसायझर, ठेका, ऐंशीच्या दशकातल्या डिस्कोची आठवण करून देणारी चाल. मेरी तेव्हा पंचावन्न वर्षांची. हो, पंचावन्न. आपल्याकडे या वयाच्या बाईने लग्नाच्या वरातीत जरा जास्त नाचलं तरी लोक एकमेकांना कोपराने ढोसतात.

गाण्यात काय आहे? ती म्हणते, मी एकटी बाहेर गेले, उशिरा घरी आले, मनासारखं जगले, की तुम्ही मला एकच नाव देता. ठीक आहे, मग तेच माझं नाव. हा शब्द गाण्यात कितीतरी वेळा येतो, आणि दर वेळी सभागृहातली माणसं तिच्याबरोबर तो मोठ्याने ओरडत होती. परीक्षकांपेक्षा प्रेक्षकांच्या मतांनी तिला वर नेलं. पुढच्या काही दिवसांत स्पेनमधल्या ऐकण्याच्या याद्यांवर गाणं सरसर वर चढलं. टॅक्सीत, जिममध्ये, शाळेच्या गेटवर, सगळीकडे हाच वाद.

वाद कशावरून, ते नंतर सांगते. त्याआधी एक्केचाळीस वर्षं मागे जाऊ. कारण हाच शब्द, हीच सरकारी टीव्ही, असं आधीही एकदा घडलं होतं.

साल १९८३, महिना एप्रिल. उत्तरेला बास्क प्रदेशात बिल्बाओच्या शेजारी बाराकाल्डो नावाचं कारखान्यांचं गाव आहे. पोलादाच्या भट्ट्या, नदीकाठचा धूर, आणि त्या काळात तोंडावर आलेली कामगारकपात. तिथल्या चार तरुण मुलींनी पंक बँड काढला होता, नाव 'लास वुल्पेस'. वुल्पेस म्हणजे लॅटिनमध्ये कोल्हे. पोरींनी नावातच सगळं सांगून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी सरकारी टीव्हीवर तरुणांसाठी संगीताचा एक कार्यक्रम लागायचा, 'काखा दे रित्मोस'. त्यात त्यांनी एक गाणं म्हटलं. त्याच्या शीर्षकाचा अर्थ, मला थोर्रा असायला आवडतं.

लक्षात घ्या, तेव्हा स्पेनमध्ये खाजगी टीव्ही नव्हती. ती १९९० मध्ये आली. म्हणजे आपल्याकडे एके काळी एकटं दूरदर्शन होतं, तसं. जे लागलं ते सगळ्या देशाने पाहिलं.

सुरुवातीला फार काही झालं नाही. मग माद्रिदच्या 'आबेसे' या जुन्या, परंपरावादी दैनिकाने त्या गाण्याचे शब्द छापले आणि विचारलं की हे आपल्या पोरांना दाखवायचं का? गंमत बघा. जे कानाला ऐकवायला नको होतं, ते त्यांनी सकाळच्या चहाबरोबर घरोघरी वाचायला दिलं. मग मात्र भडका उडाला. देशाच्या सरकारी वकिलांनी 'सार्वजनिक बेअब्रू' या गुन्ह्याखाली तक्रार केली. कार्यक्रमाचे प्रमुख कार्लोस तेना यांनी राजीनामा दिला. कार्यक्रम बंद झाला. मुलींचा बँडही फार टिकला नाही. खटला पुढे काही वर्षांनी शिक्षेविना मिटला, आणि तो गुन्हाच १९८८ मध्ये कायद्यातून काढून टाकला गेला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेव्हा हुकूमशहा फ्रँको जाऊन साडेसात वर्षं झाली होती. संविधान १९७८ पासून होतं. सत्तेवर समाजवादी पक्ष होता. तरी चार पोरींच्या तोंडी एक शब्द आला म्हणून सरकारी वकील उठले. का?

याचं उत्तर गाण्यात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे.

फ्रँकोच्या काळात लग्न झालेल्या बाईला नोकरी करायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची. ही अट मे १९७५ मध्ये गेली, फ्रँको मरायच्या सहा महिने आधी. बायकोला दुसऱ्या पुरुषाबरोबर पकडून नवऱ्याने ठार मारलं, तर त्याला शिक्षा काय, तर काही काळ गावाबाहेर राहायचं. ही तरतूद १९६३ पर्यंत होती. आणि व्यभिचाराचा कायदा तर अगदी त्या कोल्ह्याच्या शब्दासारखाच. बायकोचा एकदाच पाय घसरला तरी तुरुंग. नवऱ्यावर मात्र गुन्हा कधी, तर त्याने दुसरी बाई घरातच आणून ठेवली किंवा गावभर उघड उघड नांदवली तरच. तो झोरो, ती थोर्रा. हे १९७८ पर्यंत कायद्याने चाललं.

१९७६ मध्ये बार्सिलोनात एक प्रकरण गाजलं. बायकोला टाकून गेलेल्या नवऱ्याने काही वर्षांनी परत येऊन तिच्यावर व्यभिचाराचा आरोप केला. हेतू मुलगी ताब्यात घेण्याचा. तेव्हा शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या फलकांचा मजकूर ती निर्दोष आहे असा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, मीसुद्धा व्यभिचारिणी.

मला हे वाचून दोन मिनिटं थांबावं लागलं. ती तशी नाही हो, असं म्हणणं सोपं असतं. आपण सगळे तेच करतो. शेजारच्या पोरीबद्दल कुणी बोललं की आपण तिची बाजू घेतो ती अशीच, नाही हो, चांगल्या घरची आहे ती. म्हणजे वाईट घरची असती तर चाललं असतं? बार्सिलोनाच्या बायकांनी हा खेळच मोडला. शिक्षा करायचीच असेल तर आम्हा सगळ्यांना करा, म्हणाल्या. दोन वर्षांत तो कायदा गेला.

तर अशा तीन पायऱ्या आहेत. १९७६ चा फलक, १९८३ चं पंक, २०२४ चं इलेक्ट्रोपॉप. तिन्हींत बाई तीच गोष्ट करते. तिच्यावर फेकलेला दगड उचलते आणि हातात धरते. फरक पुढे काय होतं त्यात आहे. पहिल्या वेळी पोलीस समोर होते. दुसऱ्या वेळी सरकारी वकील. तिसऱ्या वेळी त्याच सरकारी टीव्हीने तिच्या हातात देशाचं नाव दिलं. १९८३ मध्ये मेरी बास चौदा-पंधरा वर्षांची असणार. तो शनिवार तिने पाहिला की नाही कुणास ठाऊक. पण तो शब्द तिने नक्की ऐकलेला. त्या वयाच्या कुठल्या मुलीने ऐकलेला नसतो?

आणखी एक गोष्ट. पंक हे संगीतच मुळी भांडणाचं. किंचाळायचं, समोरच्याला डिवचायचं. इलेक्ट्रोपॉपला भांडण नको असतं, त्याला गर्दी नाचवायची असते. एखादा शब्द ओरडून म्हटला की लोक कान झाकतात, ठेक्यावर बसवला की लोकांचे पाय हलतात, आणि पाय हलले की तोंडातून तो कधी बाहेर पडला ते कळतही नाही. चाळीस वर्षांत फक्त कायदा बदलला नाही, बंडाची चालही बदलली.

आणि यादी. पूर्वी गाण्याचं यश मोजायचं तर रेकॉर्ड किती खपल्या ते पाहायचे. म्हणजे बाराकाल्डोच्या एखाद्या मुलीला ते गाणं हवं असेल तर दुकानात जाऊन, काउंटरवरच्या काकांकडे नाव घेऊन मागायला हवं. कल्पना करा! आज ती कानात बोंडं घालते आणि बसमध्ये बसून ऐकते. कुणाला दिसत नाही, पण मोजलं जातं. म्हणून गाण्यांच्या याद्या मला इतिहासाचा कागद वाटतात. लोक चारचौघांत काय बोलतात ते वर्तमानपत्रात असतं. एकटे असताना काय ऐकतात ते या याद्यांत असतं.

गाणं नेमकं तेव्हाच का चढलं, यालाही कारण आहे. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये, २० ऑगस्ट २०२३ ला, सिडनीत स्पेनच्या बायकांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. आणि पदकं देताना त्यांच्याच फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष रुबिआलेस यांनी जेनी एर्मोसो या खेळाडूचं डोकं धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. सगळ्या जगाने पाहिलं. देशात 'पुरे झालं' या अर्थाचा नारा घुमला, सप्टेंबरमध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि पुढे २०२५ मध्ये कोर्टाने दोषी ठरवून दंड केला. 'थोर्रा' आलं ते या वातावरणात. लाकडं वाळलेलीच होती.

आता वादाकडे येते. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उजव्यांनी नाकं मुरडली, ते अपेक्षितच होतं. पंतप्रधान पेद्रो सांचेस यांना टीव्हीवर विचारलं तेव्हा त्यांनी गाणं आवडल्याचं सांगितलं, स्त्रीवाद मजेशीरही असू शकतो म्हणाले, आणि विरोधकांना बहुधा फ्रँकोच्या काळातलं फलांख पक्षाचं गीत पाठवायला आवडलं असतं, असा टोलाही हाणला. राजकारणी माणूस, संधी कशी सोडेल.

पण खरा विरोध आला तो स्त्रीवाद्यांकडूनच. माद्रिदच्या स्त्रीवादी चळवळीतल्या एका संघटनेने हे गाणं मागे घ्या अशी मागणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही नाचा खुशाल, पण हा शब्द अजून मेलेला नाही. आज रात्रीसुद्धा या देशात कुणीतरी बायकोवर हात उगारताना हाच शब्द वापरणार आहे. तिला तुम्ही काय सांगणार, की ही आता अभिमानाची गोष्ट आहे? आणि ही शिवी देशाच्या नावाने, सरकारी पैशाने गायची?

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. मी बराच वेळ त्यावर अडले.

पण मग लक्षात आलं की १९८३ चा विरोध आणि २०२४ चा विरोध, मागणी एकच असली तरी, एकमेकांच्या अगदी उलट आहेत. १९८३ ला राग होता की मुलींनी हा शब्द उच्चारलाच कसा. २०२४ ला काळजी होती की बायकांना हा शब्द आणखी किती ऐकावा लागणार. पहिल्याला बाईचं तोंड बंद करायचं होतं, दुसऱ्याला बाईचा कान वाचवायचा होता. चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी मजल मला यात दिसते. भांडण आता बाईने बोलावं की नाही यावर राहिलं नाही. काय बोलल्याने बाईचं भलं होईल यावर आलं. आणि ते भांडण बायकाच आपसात करताहेत. वकील नाही, खटला नाही, कार्यक्रम बंद नाही.

११ मे २०२४ ला स्वीडनच्या माल्मो शहरात युरोव्हिजनची अंतिम फेरी झाली. कॉर्सेट घातलेले पुरुष नर्तक, मधोमध मेरी. निकाल? पंचवीस देशांत स्पेन बाविसावा. तीस गुण. घरी ज्या गाण्याने आभाळ हललं, ते बाहेर कुणाला फारसं कळलंच नाही. आणि कसं कळणार? फिनलंडच्या माणसाला तो शब्द कुणी कधी मारलेलाच नाही. त्याच्यासाठी ते एक नाचाचं गाणं होतं, इतकंच. शिवीचं वजन जिथल्या तिथेच असतं. ते सामानात भरून नेता येत नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, छान आहे, पण शब्द कुठाय?"

मराठीत शोधायला बसलो. 'भवानी' म्हणून पाहिलं. देवीचं नाव, आणि 'आली भवानी' म्हटलं की टोमणा. 'सटवी' बघितलं. बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी सटवाई, तीच शिवी झाली. मग तो शब्द, जो मी घरात कधी उच्चारलेला नाही. रांड. जुन्या मराठी कोशात त्याचा अर्थ पाहा, विधवा. नवरा मेला, एवढाच गुन्हा. बायको मेलेल्या पुरुषाला काय म्हणतात? विधुर. विधुर ही शिवी ऐकलीय कुणी? त्याला लगेच स्थळं सांगून येतात.

आणि हे पहिल्यांदा मलाच सुचलंय असं अजिबात नाही. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या एका तरुण विधवेवर चाललेल्या खटल्याचं आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नावाने केलेल्या शिमग्याचं. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा ताराबाईंचा सवाल. झोरो आणि थोर्रा, हाच. पुस्तकावर इतकी टीका झाली की ताराबाईंनी पुन्हा दुसरं पुस्तक काढलं नाही. फक्त जोतीराव फुल्यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली.

भाचीने शेवटी काय केलं सांगते. शीर्षक तसंच ठेवलं, 'थोर्रा'. खाली एक ओळ लिहिली की या शब्दाला मराठीत शब्द आहेत, पण ते मला माझ्या आजीसमोर वाचून दाखवता येणार नाहीत.

बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. आजीला, म्हणजे माझ्या आईला, ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं काय? मला सासूने पहिल्याच वर्षी म्हटलं होतं ते."

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या आईला, आजीला विचारून बघा. शिवी लिहू नका, पण गोष्ट लिहा.